परदेशातून : बत्तीस पानांच्या पुस्तकाला दोन तासांचा सिनेमा कशाला?

राज्य सरकारने 2025 मध्ये ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सचं धोरण मंजूर केलं आणि आपल्याकडचा जुनाच वाद पुन्हा वर आला. एक बाजू म्हणते, लेकरांच्या हातातला मोबाइल काढा आणि पुस्तक द्या. दुसरी म्हणते, मोबाइल काही जायचा नाही, निदान मराठीत चांगली कार्टून तरी द्या. आणि चांगली म्हणजे थिएटरात लागणारी, दोन तासांची. वेल्समधल्या कार्डिफमधून या वादाकडे पाहताना दोन्ही बाजू एकाच जागी अडलेल्या दिसतात. पुस्तक आणि पडदा यांना त्या सवती समजतात. ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठीचं जे ॲनिमेशन वर्षानुवर्षं टिकलं, त्यातलं बरंचसं चित्रपुस्तकातूनच आलेलं आहे, आणि ते अर्ध्या तासात संपतं.

याचं कारण पुस्तकाच्या बांधणीत आहे. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, कारण मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की सोळा-सोळा पानांचे फर्मे पडतात. शीर्षकाची आणि प्रकाशकाची पानं वजा केली की गोष्टीला 12 ते 14 जोडपानं उरतात. मजकूर पाच-सातशे शब्दांचा. मोठ्यानं, चित्रं दाखवत वाचायला सहा-सात मिनिटं. टीव्हीवरच्या अर्ध्या तासाला जेमतेम 26 मिनिटं लागतात, म्हणजे तिथेच गोष्ट चौपट ताणावी लागते.

ती कशी ताणायची हे दोन फिल्म नीट पाहिल्या की कळतं. रेमंड ब्रिग्ज यांचं 'द स्नोमन' हे 1978 चं पुस्तक, त्यात शब्दच नाहीत. 1982 च्या फिल्ममध्ये बर्फाचा माणूस मुलाला घेऊन उडतो तो भाग लांबवला आणि सांताक्लॉजची भेट नव्यानं घातली. ती पुस्तकात नाही. पण संवाद घातले नाहीत, आणि चित्रांतला रंगीत खडूचा खरखरीतपणा पडद्यावर तसाच ठेवला. 'द ग्रफलो' 1999 चं पुस्तक, फिल्म 2009 ची. तिथे एक खार आपल्या पिलांना ही गोष्ट सांगते अशी चौकट बाहेरून बांधली. मधल्या कवितेचा सांगाडा हलवला नाही. वाढवायचं ते बाजूला वाढवायचं, मुलाला पाठ झालेली ओळ मोडायची नाही, हा यातला खरा धडा.

नव्वद मिनिटांत हे जमत नाही. डॉ. स्यूस यांचं ग्रिंच या नाताळ चोरायला निघालेल्या रागीट प्राण्याचं पुस्तक 1957 चं. 1966 ची टीव्हीवरची फिल्म 26 मिनिटांची, ती अमेरिकेत अजूनही नाताळात लावतात. 2018 ला त्याचाच जवळपास दीड तासाचा सिनेमा केला, तेव्हा ग्रिंचला एकाकी बालपण द्यावं लागलं, कारण वेळ भरायचा होता. लेकराला पुस्तकात तो का रागावलाय हे विचारावंसं वाटतं. सिनेमा ते आधीच सांगून मोकळा होतो. खर्चाचंही पाहा. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं. 26 मिनिटांना 18,720 होतात आणि 90 मिनिटांना 64,800, तेही एकाच पात्राचा एकच थर धरून. एवढ्या रकमेचा निर्माता मिळाला तर तो धोका पत्करत नाही, ओळखीचं देवादिकांचंच काहीतरी करतो.

मराठवाड्यानं सहा मिनिटांची फिल्म मागावी, असं माझं ठाम मत आहे.

सहा मिनिटांना जुनी, सिद्ध झालेली पद्धत आहे. अमेरिकेत मॉर्टन शिंडेल यांनी 1953 मध्ये वेस्टन वूड्स ही संस्था काढली आणि चित्रपुस्तकातली मूळ चित्रं न हलवता त्यांच्यावरून कॅमेरा फिरवून फिल्म केल्या. नंतर जीन डाइच यांनी प्रागमध्ये बसून त्याच संस्थेसाठी पूर्ण ॲनिमेशनही केलं. पहिला रस्ता आपल्या आवाक्यातला आहे.

उदाहरणाला भोपळ्यातली म्हातारीच घेऊ. ती लोककथा आहे, कुणाची परवानगी लागत नाही. 360 सेकंद, 12 जोडपानं, म्हणजे प्रत्येकाला सरासरी अर्धं मिनिट. दोन ए-फोर पानं मिळून 42 सेंटिमीटर रुंदी होते. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केली तर सुमारे 4,960 पिक्सेल मिळतात, म्हणजे 1,920 च्या पडद्यावर अडीच पट जवळ जाता येतं. लांडग्याचे डोळे पडदाभर हवे असतील तर 600 डीपीआय लागेल. चित्रकाराला पहिल्याच दिवशी सांगायचं की म्हातारी, भोपळा, बाभळी आणि मागची काळी जमीन वेगवेगळ्या थरांवर काढ. एकाच कागदावर काढलं तर म्हातारी उचलल्यावर मागे भोक पडतं, आणि ते नंतर दुसऱ्या हातानं रंगवलं की लगेच ओळखू येतं. अक्षरं चित्रावर नकोत, वेगळ्या थरावर हवीत. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पुस्तकात शिवणीत तोंड दबू नये म्हणून चित्राचा मधला पट्टा मोकळा ठेवतात. तेच चित्र जसंच्या तसं पडद्यावर आणलं की ऐन मध्यभागी काहीच नसतं. म्हणून दर जोडपानाची पडद्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते.

सगळं स्थिर ठेवलं तरी भोपळा उडलाच पाहिजे. 12 चित्रांचं एक आवर्तन पुरतं, पुन्हा पुन्हा तेच वापरायचं. जमिनीला टेकतो तिथे भोपळा थोडा चपटा, वर जाताना थोडा लांबट. उडीच्या टोकाला चित्रं एकमेकांच्या जवळ, जमिनीपाशी लांब लांब. शिकाऊ मुलं सगळी अंतरं सारखी ठेवतात आणि भोपळ्याला वजनच राहत नाही.

पण चित्राआधी आवाज. आधी कच्चं वाचन रेकॉर्ड करायचं, त्यावर पेन्सिलीची रेखाटनं लावून पूर्ण लांबीचं ॲनिमॅटिक बनवायचं आणि ते अंगणवाडीतल्या लेकरांना दाखवायचं. या टप्प्यावर दुरुस्तीला तास-दोन तास जातात. रंगवून झाल्यावर आठवडे जातात. "म्हातारी बितारी मी नाही जाणत, चल रे भोपळ्या" इथपर्यंत आवाज आणि मग दीड सेकंद शांतता, कारण "टुणुक टुणुक" हे लेकरांनी म्हणायचं आहे. ही शांतता ॲनिमॅटिकमध्ये लिहून ठेवली नाही तर संगीतकार ती भरून टाकतो आणि फिल्म नुसती बघायची होते. ओळी पडद्यावर उमटवायच्या असतील तर अडोबीच्या सॉफ्टवेअरात दक्षिण आशियाई लिप्यांची सोय आधी चालू करावी. नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि वाचायला शिकणारं लेकरू तेच खरं मानतं.

परदेशी फिल्म मराठीत डब करा, असा सल्ला इथून बरेच जण देतात. मला तो पटत नाही, निदान पद्यातल्या फिल्मबद्दल नाही. तिथे प्रत्येक शॉट मूळ ओळीच्या लांबीवर कापलेला असतो. मराठीत त्याच अर्थाला जास्त अक्षरं लागतात, शॉट मात्र चारच सेकंदांचा. मग निवेदक धावतो आणि चार वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. आपल्याकडे मोजून बांधलेली मापं तयार आहेत. गंगाखेडच्या जनाबाई, नरसीचे नामदेव ज्या अभंगात बोलले त्याच्या एका कडव्यात सहा-सहा-सहा-चार अशी 22 अक्षरं येतात. सावकाश म्हटली, शेवटी थोडं थांबलं, तर साधारण सात सेकंद. अर्ध्या मिनिटाच्या जोडपानाला अशी तीन कडवी बसतात आणि वर चित्र बघायला वेळ उरतो.

आणि म्हातारी आमच्याकडची असेल तर तिनं "काय करायलास रे?" असंच विचारावं. लेक जालन्याची, जंगल किनवटचं आणि बोली मात्र सदाशिव पेठेतली, हे आता थांबायला हवं. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर घरच्या बोलीत सहज बोलणारे आवाज ऐकू येतात. निवेदक तिथून शोधावेत. चित्रांसाठीही दूर जायला नको. पैठणची जुनी कथाचित्रं पाहा: ठसठशीत बाह्यरेषा, बाजूनं दिसणारे चेहरे, मोठे डोळे, सपाट रंग. कथा सांगणारा एकेक चित्र पुढे धरून गायचा, त्यासाठीच ती काढलेली. अशी आकृती थरांत कापायला सोपी जाते.

आता वेल्सचं. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 5 लाख 38 हजार निघाले. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या 2011 लाच 1 कोटी 87 लाख होती. वेल्श वाहिनीचं आश्वासन सरकार फिरवतंय असं दिसल्यावर 1980 मध्ये वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विन्फर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि सरकार नमलं. नोव्हेंबर 1982 ला एस-फोर-सी सुरू झाली. सुरुवातीपासूनच तिच्याकडे लहान मुलांसाठी 'सुपरटेड' हे वेल्समध्ये बनलेलं ॲनिमेशन होतं, जे पुढे अमेरिकेत डिस्नेनंही दाखवलं. भाषेसाठी भांडणाऱ्यांनी बातम्यांइतकंच लेकरांच्या कार्यक्रमाला महत्त्व दिलं. आपल्या भाषेच्या वादांत पाच वर्षांच्या लेकराला संध्याकाळी काय दिसतं हा प्रश्न क्वचितच येतो.

इथलं सगळंच घेण्याजोगं नाही. मुलांच्या कार्यक्रमांसाठी 2019 मध्ये काढलेला सरकारी निधी 2022 मध्ये बंद केला. वेल्श वाहिनीवरही बरंच काही इंग्रजीतून डब केलेलं असतं. आणि ब्रिटिश म्हणून मिरवणाऱ्या चित्रपुस्तकांच्या अलीकडच्या कित्येक फिल्मचं ॲनिमेशन दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनच्या स्टुडिओत झालेलं आहे. यातली शेवटची बाब आपल्या धोरणकर्त्यांनी नीट वाचावी. नोकऱ्यांचे आकडे बाहेरून आलेल्या कामावरही भरतील, पण दर नाताळात पुन्हा विकलं जाणारं पुस्तक ज्याचं, उत्पन्न त्याचं. म्हणून अनुदान द्यायचंच तर पुस्तक आणि फिल्म या जोडीला द्यावं: आधी 32 पानी पुस्तक, 1967 च्या कायद्याखालच्या अनुदानित ग्रंथालयांत त्याच्या प्रती, आणि त्यावरची सहा मिनिटांची फिल्म सह्याद्री वाहिनीवर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी.

लोककथा सोडून आजच्या लेखकाचं पुस्तक घेतलं तर कागदपत्रं आधी करावीत. लेखक आणि चित्रकार यांचे हक्क वेगळे असतात. फक्त प्रकाशकाची सही पुरत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे करार ढोबळ केला तर सहाव्या वर्षी फिल्म दाखवता येत नाही, आणि कार्डिफ किंवा दुबईतल्या मराठी घरात ती पहिल्या दिवशीही दाखवता येत नाही. मुदत, "जगभर" आणि "दृक्श्राव्य व इंटरनेट" हे तीन मुद्दे करारात स्पष्ट लिहून घ्यावेत, आणि चित्रकाराला ठोक रकमेशिवाय फिल्मच्या उत्पन्नातला वाटाही लिहून द्यावा.