कामगार कायदा असा शिकवा, की कुणाला लागू होणार नाही

सर, सर्वप्रथम अभिनंदन. यंदाच्या वेळापत्रकात 'कामगार कायदे व कामगारांचे हक्क' हा विषय तुमच्या नावापुढे आला आहे. तुम्ही तो मागितला नव्हता, हे आम्हाला ठाऊक आहे. मीटिंगला जो उशिरा पोचतो त्याच्या पदरात तो पडतो, ही आपल्याकडची जुनी रीत. आयटीआयमध्ये असाल तर एम्प्लॉयबिलिटी स्किल्सच्या तासात, बायोडेटा कसा लिहावा आणि मुलाखतीला शर्ट कसा खोचावा यांच्या मध्ये कुठेतरी तो उरकायचा असतो. घाबरू नका. थोडं पथ्य पाळलं तर विषय पूर्ण होतो, निकालही चांगला लागतो आणि एकाही शेठजीला त्रास होत नाही.

मोठा धोका वर्गातच बसलेला आहे, तो आधी ओळखा. समोरची पोरं उद्या कामगार होणार आहेत, अशा भ्रमात राहू नका. ती आजच कामगार आहेत. मागच्या बाकावर डोकं टेकून झोपलेला पोरगा रात्री सावद्याकडे केळीची गाडी भरून आलेला असतो. त्याच्या शेजारचा जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो. खिडकीजवळची मुलगी कॉलेज सुटलं की साड्यांच्या दुकानात रात्री नऊपर्यंत उभी असते. उभीच, कारण गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही असा तिथला नियम आहे. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडची जी दोन पोरं दिवाळीनंतर दिसतच नाहीत, ती आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांची हजेरी कमी भरते म्हणून नोटीस जरूर काढा. कायद्याची अंमलबजावणी कशी असते, हे तेवढं तरी त्यांना कळेल.

आता शिकवण्याची पद्धत. सन शिकवा. औद्योगिक विवाद 1947, कारखाने 1948, किमान वेतन 1948, भविष्य निर्वाह निधी 1952, बोनस 1965, ग्रॅच्युइटी 1972. पाढ्यांसारखं घोटून घ्या. ज्याला बोनसचा कायदा 1965 चा हे पाठ आहे, त्याला त्यात किमान 8.33 टक्के लिहिलंय हे आठवायला डोक्यात जागा उरत नाही, आणि दिवाळीत अर्धा किलो सोनपापडीचा डबा तो दोन्ही हातांनी घेतो. किमान वेतनाला परिमंडळं, म्हणजे दर ठरवायला पाडलेले विभाग, किती, हा प्रश्न दोन गुणांना हमखास ठेवा. आपला तालुका कोणत्या परिमंडळात येतो आणि दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो म्हणजे आपला पगारही बदलायला हवा, हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे.

मध्यंतरी 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. त्याने बिचकून जाऊ नका. तुमच्या नोट्स पिवळ्या पडल्या असल्या तरी गाईड अजून त्याच नोट्सवरून छापतात. फार तर चारही संहितांची पूर्ण नावं फळ्यावर लिहा. ती इतकी लांब आहेत की तासिका संपते. प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यावंच लागेल, काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागेल, असली वाक्यं त्या संहितांमध्ये आहेत. ती वाचताना आवाज जरा खाली आणा.

इतकं सांभाळूनही एखादा नग निघतोच. तास संपल्यावर तो टेबलापाशी येतो आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतो. नीट बघा, कारण असा कागद ओळखता आला पाहिजे. वर कारखान्याचं नाव नाही, ठेकेदाराचं आहे. खाली हजेरी 26, पगार 13,000, पीएफ 1,560, उचल 2,000, ओव्हरटाइम शून्य. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही पोराचीच, पण शाई वेगळी. म्हणजे आधी सही झाली आणि आकडे मागून बसले. पोरगा विचारतो, "सर, हाई पीएफ कापाई जास, पन जास कोठे?"

इथे बरेच चांगले शिक्षक घसरतात. त्यांच्या तोंडून निघून जातं की बाबा, तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर काय, मोबाइल जोडलेला असेल तर मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते, आणि जेवढे तुझे कापले तेवढेच मालकाने घालायचे असतात. मग पोरगा तिथेच उभ्या उभ्या मिस्ड कॉल देतो. खात्यात काय निघतं किंवा निघत नाही, हे तुमच्यासमोर कळतं आणि तुम्ही विनाकारण साक्षीदार होता. योग्य उत्तर एवढंच: "कायदा 1952 चा आहे. लिहून घे."

गणिताच्या शिक्षकांनाही या पोरापासून लांब ठेवा. तेरा हजाराला 26 ने भागलं की रोजचे पाचशे, आठ तासांनी भागलं की तासाचे साडेबासष्ट, इथपर्यंत ठीक. पण जेवणाची सुटी वजा जाता रोज अकरा तास काम म्हणजे सहा दिवसांचे 66, त्यातून 48 गेले की 18 उरतात, आणि जादा तासाला दर दुप्पट असतो. सव्वाशे गुणिले अठरा. आठवड्याला 2,250 रुपये. ज्या रकान्यात शून्य लिहिलंय तिथे हा आकडा बसतो, हे पोराला एकदा दिसलं की तुमची त्रैराशिकं, शेकडेवारी सगळी भलत्याच कामाला लागतात. हाच पगार धरून दहा वर्षं काढली तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने, म्हणजे वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार धरून, 75,000 होते, हेही उदाहरण नको. गणितात रामूने आंबेच विकावेत.

शेठजींना पाहुणे म्हणून जरूर बोलवा. 'तरुणांनी नोकऱ्या मागू नयेत, द्याव्यात' यावर ते छान बोलतात आणि स्मृतिचिन्हाचा खर्चही करतात. भाषण संपताना ते हमखास म्हणतील, आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत. टाळ्या वाजवा. घरच्यांना पगारपावती देत नाहीत, हे तेव्हाच कुणाला सुचलं तर त्याला पाणी आणायला पाठवा. शिकाऊ उमेदवारीची जाहिरातही त्याच कार्यक्रमात उरकून घ्या. 1961 च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्यामुळे मशीनवर हात कामगाराचा चालला तरी कागदावर विद्यार्थी राहतो. इतकी सोयीची व्यवस्था शिक्षण आणि उद्योग या दोघांना मिळून दुसरी सापडायची नाही.

सहल काढायचीच असेल तर पद्मालयला काढा, पाटणादेवीला काढा. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार आयुक्तालयाचं कार्यालय असतं, तिथे साध्या कागदावर तक्रार करता येते, ही माहिती सहलीच्या यादीत बसत नाही. तिथे भरीत-पुरीची सोयही नाही.

जयंत्या मात्र दणक्यात करा. 24 डिसेंबरला साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेत ते मास्तर होते, मुलांवर त्यांची माया होती, डोळे पाणावायचे. भाषण एवढ्यावर थांबवा. पुढे 1930 साली नोकरी सोडून ते तुरुंगात गेले आणि नंतर गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, हे सांगितलं तर पोरं मास्तरांकडून भलत्या अपेक्षा करायला लागतील. तसंच बाबासाहेबांचं. धुळ्याच्या कोर्टाच्या कामाला आले तेव्हा लळिंगच्या बंगल्यावर उतरले होते, ही आठवण आपल्या अभिमानाची आहे, ती सांगा. 1942 ते 1946 मजूर खात्याचा कारभार त्यांच्याकडे होता आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा त्या काळातली आहे, हे सांगितलंत तर वरच्या 66 मधून 48 वजा करणारा पोरगा पुन्हा टेबलापाशी येईल. 1 मेला झेंडावंदन करून पेढे वाटा. दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात त्या दिवशी पगारी सुटी आहे, हे साड्यांच्या दुकानातल्या मुलीला कळवायची घाई नाही. ती तशीही झेंडावंदनाला येऊ शकत नाही, दुकान उघडं असतं.

आता तुमच्याबद्दल थोडं खासगी. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, हे वर्गाला कळू देऊ नका. पोरं चौकस असतात. नियुक्तीपत्राचा नमुना शिकवताना एखादी म्हणते, "सर, तुमचंच दाखवा ना." म्हणून पुस्तकातला छापील नमुना आधीच झेरॉक्स करून न्या. मानधनाचं बिल तीन सह्यांसाठी कुठे अडकलंय, परीक्षेच्या महिन्यात तास होत नाहीत म्हणून पैसेही का नाहीत, हे स्टाफरूममध्ये बोला, दार लावून. आणि पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत व्हायला हवा, हा मुद्दा शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभे राहा.

एखाद्या वेळी तुम्हालाही वाटेल, की आपणही कामगारच की. तसं काही नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक कामगार ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगून ठेवलंय. तुमचं काम उदात्त आहे, म्हणून ते श्रमांत धरत नाहीत. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही शिक्षक 'कर्मचारी' नव्हता. 2009 साली दुरुस्ती करून त्याला आत घेतलं. मुदतीच्या नोकरीवाल्याला नव्या संहितेत एका वर्षावर ग्रॅच्युइटी मिळते, असं वाचून हरखू नका. वर्ष पूर्ण व्हावं लागतं, आणि तुमची ऑर्डर मार्चमध्ये संपते. जूनमध्ये नव्याने अर्ज कराल तेव्हा अनुभवाच्या रकान्यात 'कामगारांचे हक्क, अध्यापन' असं सुवाच्य अक्षरात लिहा. मुलाखतीला स्वखर्चाने यावं लागेल.