‘खेळण्यातली आगगाडी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

माझ्या खऱ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनावर मागच्या रविवारी पोस्ट टाकली होती, तिच्याखाली एक प्रतिक्रिया आलीय. लिहिणाऱ्याचं नाव-गाव काही नाही, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. बाकीच्यांसाठी जशीच्या तशी देतो: "काका, साठी आली तरी खेळण्यातली आगगाडी सुटेना. जिल्ह्यात टँकर फिरतेत आणि तुम्ही पाणी उकळून हवेत सोडताय. बॉयलर कुणी टेस्ट केला ते लिहा, मागे लहान पोरं बसवताय. आणि बार्शी लाईट दोन फुटी नव्हती, अडीच फुटी होती."

शेवटचं, म्हणजे कुर्डुवाडीच्या जुन्या बार्शी लाईट रेल्वेच्या दोन रुळांतल्या अंतराचं, आधी घेतो कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. अडीच फूटच. दोन फुटी माथेरानची. रात्री घाईत टाईप केलं, चूक झाली, पोस्ट दुरुस्त केलीय. झालं समाधान? पण ज्याचा बाप कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होता त्याला तुम्ही बार्शी लाईटचं माप सांगताय. माझ्या कॉटखाली पुढच्या इंजिनासाठी फ्रेमच्या पट्ट्या कापून पडल्यात त्या बार्शी लाईटच्याच, किटसन कंपनीच्या इंजिनाच्या नमुन्याच्या आहेत, आणि अडीच फूट म्हणजे 30 इंच, माझा रूळ 5 इंची, म्हणजे बरोबर सहावा हिस्सा, हे गणित करूनच कापल्यात ना? ती लाईन बांधणाऱ्या कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं एका एक्सलवर 5 टनाच्या वर भार नको असं ठरवलं, म्हणून भार वाटून जायला इंजिनाला आठ मोठी चाकं आणि मागं चार छोटी. 1897 ला लाईन सुरू झाली तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनला बार्शी रोड म्हणायचे, हे गुलाबाच्या फुलाला माहीत होतं का?

असो. आता ‘खेळण्यातली’.

खरं सांगतो, हा शब्द वाचून चहा तसाच ठेवून उठलो. खेळणं काय असतंय ते मला कळतं की ओ, गड्ड्याच्या जत्रेत मिळतं ते, चावी दिली की पत्र्यावर गरगर फिरतं. माझ्या इंजिनाला चावी नाही. ‘सिम्प्लेक्स’ म्हणतात त्या डिझाईनला, मार्टिन इव्हान्स नावाच्या इंग्रज माणसाचं, सहा चाकी टँक इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच, त्यात तांब्याचा बॉयलर, आग पेटवायचा फायरबॉक्स, ट्यूबा, दोन सिलिंडर, सेफ्टी व्हॉल्व्ह, बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच, मोठ्या इंजिनात जे जे काम करायचं ते इथंही कामच करतं, दाखवायला ठेवलेलं नाही. कपाटात शोभेला ठेवायची इंजिनं वेगळी, ती पण लोक हजारो रुपये देऊन घेतात, त्यांना कुणी काका म्हणत नाही!

पहाटे पाचला उठून चिमणीवर छोटा पंखा लावावा लागतो, कारण गार इंजिनाला आग फुलवायला स्वतःचा हवेचा ओढा नसतो. मग रात्रभर भिजवलेल्या चिपट्या, रॉकेल आता कुठं मिळतंय म्हणून डिझेलवर भागवतो, मग लाकडी कोळसा, मग दगडी, आणि आपल्याकडचा दगडी म्हणजे राखच राख, जाळी चोंदली की सगळं परत पहिल्यापासून. वीस-पंचवीस मिनिटं प्रेशरचा काटा ढिम्म. मग एकदम थरथरतो. वीस पौंडावर आला की पंखा काढून इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर, म्हणजे चिमणीत वाफेचा झोत सोडून हवा ओढणारी नळी, उघडायचा, तो सूंऽऽ आवाज आला की पुढं आग तिची ती पेटती राहते. पहिल्यांदा गाडी हलवताना सिलिंडरमधलं साचलेलं पाणी काळ्या तेलासकट चिमणीतून उडतं आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसतं. कुठल्या खेळण्यानं तुमचा चष्मा घाण केलाय?

आणि मे महिन्यात या एकदा. इंजेक्टर म्हणजे वाफेच्याच जोरावर पाणी बॉयलरमधे ढकलणारी एवढीशी पितळी नळी. तिच्यात वाफ गार पाण्याला भेटून विरली तरच ती चालते, टाकीतलंच पाणी तापलं की इंजेक्टर हट्टाला पेटतो आणि सगळं खालच्या नळीतून टपटप सोडून देतो. सोलापूरच्या उन्हात नऊ वाजता माझी टाकी हात लावू देत नाही, म्हणून मी बर्फाची पिशवी टाकतो. विलायतेत हा प्रॉब्लेम किती जणांना येत असेल कुणास ठाऊक, आम्हाला दर उन्हाळ्यात येतो.

1976 ला मी दहा वर्षाचा, अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, डबा घेऊन इंजिनांच्या शेडमधे जायचो. एकदा एका इंजिनाच्या कॅबमधे चढलो आणि थेट आगीत डोकावलो, तर अण्णांनी मानगूट धरून तोंड पाण्याच्या काचेकडं वळवलं. आधी पाणी, मग आग. एवढंच म्हणाले. पाणी फायरबॉक्सच्या छताखाली गेलं तर काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, शेडमधल्या दुसऱ्या एकानं सांगितलं आणि त्या रात्री मी जेवलो नाही. पन्नास वर्षं होत आली, अजून रेग्युलेटरला, म्हणजे वाफ सोडायच्या दांड्याला, हात लावायच्या आधी नजर काचेवर जाते. खेळण्यातली म्हणे.

पाण्याचं म्हणाल तर एका सकाळी दहा-बारा लिटर, तेही घरातल्या एसीचं बादलीत धरलेलं, कारण बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की ट्यूबांवर थर बसेल. तुम्ही दारातली कार कशानं धुता ते आधी सांगा, मग टँकरवर बोलू.

बॉयलर टेस्ट. 25 लिटरच्या आतला बॉयलर असला की बॉयलरचा कायदा लागू होत नाही, माझा तर त्याच्या किती तरी खाली. इंग्लंडातल्या क्लबांत नव्या बॉयलरला चालवायच्या दुप्पट प्रेशर गार पाण्यानं देऊन बघतात, हे मलाही ठाऊक आहे, शिकवू नका. आणि आमच्या घरात तीन पिढ्या वाफेत गेल्यात.

मागे बसतात त्या माझ्या नाती आहेत, त्यांच्या आईनं अजून तोंडातून शब्द काढलेला नाही. होटगी रोडला भावाच्या शेतात या रविवारी, सहाच्या आत या, नंतर ऊन होतंय. येताना तेवढं नाव सांगून या. आणि काका म्हणू नका, साठ व्हायला मला अजून सात महिने आहेत.