सावलीचे बारा आणि घड्याळाचे बारा

विजेविना, मोबाइलविना कोकणातल्या शेतावर राहणाऱ्यांनी काठीची सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा किल्लीचे घड्याळ बाराला लावावे, असे एका लेखात सुचवले आहे. पद्धत उत्तम आहे, मात्र तसे केल्यास एसटी हमखास चुकेल. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला असल्यामुळे तिथला सूर्य सुमारे 39 मिनिटे मागे असतो. मुंबईची जुनी स्थानिक वेळ, म्हणजे ‘बॉम्बे टाइम’, नेमकी तेवढीच मागे होती. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे मुंबईत सूर्य नोव्हेंबरच्या आरंभी साधारण 12 वाजून 22 मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यास 12 वाजून 53 मिनिटांनी माथ्यावर येतो.

दुसरे असे की, माध्यान्ही सावली इतकी हळू बदलते की तिचा सर्वांत आखूड क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही. त्यापेक्षा आपल्याकडची जुनी शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, रीत अधिक भरवशाची आहे: सपाट सारवलेल्या अंगणात खुंटी ओळंब्यात रोवावी, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखावे आणि सावलीचे टोक सकाळी व दुपारी जिथे वर्तुळाला टेकेल तिथे खुणा कराव्यात. त्या दोन खुणांचा मध्य आणि खुंटी यांना जोडणारी रेषा दक्षिणोत्तर असते. सावली त्या रेषेवर आली की माध्यान्ह झाली.

तिथीसाठी चंद्र पुरतो, पण आषाढात ढगांमुळे सूर्य आणि चंद्र दोन्ही दिसत नाहीत. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी न चुकता फुली मारण्यावाचून दुसरा उपाय नाही.