उर्राका ‘बेफाम’ होती म्हणे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाराव्या शतकातल्या स्पेनमधल्या लेओन-कास्तील राज्याच्या उर्राका राणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही दोन ओळींत उरकणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी तिला उगाच डोक्यावर घेतलं, नवऱ्याशी भांडणं आणि बाहेरची प्रकरणं यात तिने राज्याचं वाटोळं केलं, पोर्तुगाल तिच्यामुळे गेलं, आणि मुळात ती मुलाच्या नावाने कारभार पाहत होती, राणी कसली. शिवाय तिला ‘ला तेमेरारिया’, म्हणजे बेफाम, म्हणतात ते काही उगाच नाही.

कारभाराच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो सर्वात लवकर निकालात निघतो. तिचा मुलगा अल्फोन्सो ११०५ चा. ती वारली मार्च ११२६ मध्ये. म्हणजे तेव्हा तो एकवीस वर्षांचा बाप्या होता, आणि लेओनमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला तो आईच्या पश्चात. ११११ मध्ये गालिसियाच्या, म्हणजे राज्याच्या वायव्य भागाच्या, सरदारांनी त्याला तिथल्या सान्तियागो शहरात राजा केलं होतं, १११७ पासून तोलेदोकडचा भाग त्याच्याकडे होता, हे खरं. पण सगळ्यात वरचा अधिकार तिने शेवटपर्यंत सोडला नाही. सनदा तिच्या नावाने निघत, नाणीही तिच्या नावाने पाडली गेली. अज्ञान मुलाची गादी राखणारी बाई तो सज्ञान झाल्यावर बाजूला होते. ही झाली नाही.

आता लग्न. इथे तुम्ही तिला सगळ्यात जास्त झोडपलंय, आणि मला वाटतं परिस्थिती न बघता झोडपलंय. पहिला नवरा, बर्गंडीचा रेमंड, ११०७ मध्ये गेला. ११०८ मध्ये उक्लेसच्या लढाईत तिचा सावत्र भाऊ सान्चो अल्मोराविदांकडून, म्हणजे मोरोक्कोहून आलेल्या मुसलमान सत्ताधाऱ्यांकडून, मारला गेला. बापाने वारस म्हणून पुढे केलेला एकुलता मुलगा तो. ११०९ च्या उन्हाळ्यात बाप, सहावा अल्फोन्सो, तोलेदोत वारला. लगोलग अल्मोराविद अमीर अली इब्न युसूफ तोलेदोच्या तटाला येऊन भिडला. शहर टिकलं, तालावेरा गेलं. अशा वेळी शेजारच्या आरागोनच्या राजाशी, अल्फोन्सोशी, ज्याला पुढे ‘बातालादोर’ म्हणजे लढवय्या म्हणू लागले, तिचं लग्न ठरलं. सरहद्दीवर लढणारा माणूस हवा होता आणि त्याच्याइतका लढणारा दुसरा कोणी नव्हता. तोलेदोचा आर्चबिशप बेर्नार्द ओरडत होता की दोघं एकाच पणजोबांची, नावार्‍याच्या थोरल्या सान्चो राजाची पतवंडं आहेत, हे लग्न चालायचं नाही.

या लग्नाचा डिसेंबर ११०९ चा करार वाचण्यासारखा आहे. त्यात नवरा लिहून देतो की नात्याचं कारण सांगून किंवा धर्मबहिष्काराच्या भीतीने मी तुला सोडणार नाही. म्हणजे कुठे गळा आवळला जाणार हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि शेवटी लग्न मोडलं ते नात्याच्याच कारणाने! त्याच करारात असंही ठरलं की या लग्नातून मूल झालं तर राज्य त्याला मिळणार. रेमंडपासूनच्या पोराचं काय? गालिसिया पेटलं ते यावरून. तिथला पेद्रो फ्रोइलास हा सरदार त्या पोराचा सांभाळ करत होता, त्याने लगेच निशाण उभारलं. मूल झालं नाही, उलट मारहाण झाली. नवऱ्याने तोंडावर मारलं, लाथा घातल्या, अशी तिची तक्रार सान्तियागोच्या बखरीत तिच्याच तोंडी आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ११११ पर्यंत नवराबायको एकमेकांविरुद्ध सैन्यं घेऊन उभी होती.

प्रकरणांबद्दल. पेद्रो गोन्सालेस दे लारापासून तिला मुलं होती, ते कोणी नाकारत नाही, मीही लेखात लपवलेलं नाही. पण जरा तिच्या बापाकडे बघा. एकामागून एक लग्नं, शिवाय रखेल्या. पोर्तुगाल घेऊन बसलेली तेरेसा ही त्याची हिमेना मुन्योसपासूनची मुलगी. उक्लेसला पडलेला सान्चो हा सैदा नावाच्या मुसलमान स्त्रीचा मुलगा. त्याला बाप बिनदिक्कत वारस करायला निघाला होता, आणि इतिहासात या बापाला काय म्हणतात? ‘एल ब्रावो’, शूर. लेक मात्र बेफाम.

बरं, हे सगळं आपल्याला सांगतंय कोण? सगळ्यात तपशीलवार साधन आहे ‘हिस्तोरिया कॉम्पोस्तेलाना’, तीच सान्तियागोची बखर. ती लिहून घेतली तिथल्या बिशप दिएगो खेलमीरेसने. हा गृहस्थ कधी राणीच्या बाजूने, कधी तिच्या मुलाच्या आणि कायम स्वतःच्या. राणीशी सूत जुळलेलं असलं की बखरीतली राणी शहाणी. बिनसलं की बायकांच्या चंचलपणावर प्रवचन सुरू. साहागूनच्या मठातल्या भिक्षूंना आरागोनी सैन्याने छळलं होतं, म्हणून त्यांच्या लिखाणात तीच राणी बिचारी आणि नवरा राक्षस. बेफामपणाचा शिक्का पक्का झाला तो तेराव्या शतकातल्या पाद्री इतिहासकारांच्या हातून, ती जाऊन शंभर वर्षं झाल्यावर.

याच बखरीतला १११७ चा प्रसंग बघा. सान्तियागोचे नागरिक बिशपवर उठले, राणी त्याच्याबरोबर होती. दोघं देवळाच्या मनोऱ्यात अडकली, खालून आग लावली गेली. राणीला इजा करणार नाही म्हणून जमावाने शब्द दिला. ती बाहेर आली, तर तिला चिखलात लोळवलं, कपडे फाडून उघडं केलं, दगड मारले. एका म्हातारीचा धोंडा तिच्या गालावर बसला. बिशपसाहेब कुणाची तरी घोंगडी पांघरून गर्दीतून सटकले. राणी कशीबशी सुटली आणि फौज घेऊन परत आली. गाव शरण आलं. कत्तल झाली नाही. दंड बसला, म्होरक्यांना हद्दपार केलं. एवढ्या अपमानानंतर बेफाम माणूस काय करतो हो?

पुढे खेलमीरेस आर्चबिशप झाला, कारण नवा पोप दुसरा कॅलिक्स्टस हा रेमंडचा सख्खा भाऊ, म्हणजे राजपुत्राचा काका. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! ११२१ मध्ये तिने आर्चबिशपला धरून कैदेत टाकलं, पण लेकापासून सगळेच उलटल्यावर थोड्याच दिवसांत सोडावं लागलं. हा तिचा पराभवच होता. आणि तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा मीच सांगते: ती वारली तेव्हा कास्तीलचा पूर्वेकडचा बराच भाग आरागोनच्या हातात होता. तो तिला परत घेता आला नाही, मुलाने ११२७ मध्ये तामाराच्या तहाने बराचसा मिळवला.

पोर्तुगालचं खापर मात्र तिच्या माथी नको. तेरेसा स्वतःला राणी म्हणवू लागली होती, पण ११२१ मध्ये उर्राकाने तिला लान्योसोच्या किल्ल्यात कोंडून तहाला भाग पाडलं. तेरेसाच्या मुलाने आईला हरवून सत्ता घेतली ११२८ मध्ये, राजा ही पदवी लावली ११३९ मध्ये, आणि सामोराच्या भेटीत लेओनकडून ती मान्य करून घेतली ११४३ मध्ये. समोर कोण होता? उर्राकाचा मुलगा, सातवा अल्फोन्सो, ११३५ मध्ये थाटात ‘सम्राट’ झालेला. त्याला कोणी बेफाम म्हणत नाही.

एक शेवटचं. लेओनच्या सान इसिदोरो चर्चमधल्या ज्या रत्नजडित प्याल्याची लिंक ‘तुमच्या राणीची उधळपट्टी’ म्हणून तुम्ही दिलीत, तो आपल्या उर्राकाचा नाहीच. तो तिच्या आत्याचा, सामोराच्या उर्राकाचा. प्याल्यावर तिचं नाव बापासकट कोरलेलं आहे. भाचीचं दफन त्याच वास्तूत झालं, त्यामुळे ही गल्लत बऱ्याच जणांची होते. आत्याबाईंवरही लिहायचंय, तेव्हा तो प्याला हिशेबात धरू.