‘मूट कोर्टात तेच चार चेहरे’ या तक्रारीवर

नमस्कार,

तुम्ही आमच्या लॉ स्कूलला दोन तारे दिलेत आणि खाली चार तक्रारी लिहिल्यात. मूट कोर्टात, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवादाच्या सरावात, दरवर्षी तेच चार चेहरे, विधी साहाय्य शिबिर म्हणजे बॅनर, फोटो आणि चहा, तीन वर्षांच्या एलएलबीवाल्यांना कुणी विचारत नाही, आणि फौजदारी कायद्याच्या तासाला अजून जुनीच कलमं. संस्था मी चालवते, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं. ऑफिसनं तुमच्या मजकुराखाली ‘अभिप्रायाबद्दल आभार, कृपया संपर्क साधावा’ असं डकवलं होतं, ते मी काढायला लावलं.

मूटची तक्रार खरी आहे. गेल्या तीन वर्षांत बाहेर गेलेल्या संघांच्या याद्या काढून बसले, तर नावं फिरून फिरून तीच. कारणही लपलेलं नाही. संघ तिघांचा, दोन बोलणारे आणि एक रिसर्चर. मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, दोन्ही बाजूंनी लिहायचं, मुदत तुटपुंजी. मग सर जुन्या, तयार पोरांनाच हाक मारतात. निवडचाचणी घेतो, पण ती सगळी इंग्रजीत, आणि पहिल्या दोन मिनिटांत जो अडखळला त्याचा निकाल तिथंच लागतो. तुम्ही लिहिलंय, ‘मला केस कळली होती, इंग्रजी अडलं.’ हे वाक्य मला लागलं.

लागलं, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं सनद घेऊन आधी तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कोर्टात उभी राहतात. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेनं कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. उच्च न्यायालयाची इंग्रजी आहे, ती घटनेच्या कलम ३४८ मुळे. म्हणजे पोरगं साक्षीदाराची पहिली उलटतपासणी बहुधा मराठीत घेणार, आणि आम्ही त्याला पाच वर्षांत एकदाही मराठीत युक्तिवाद करायला लावत नाही. यात मुलांची काय चूक?

अंतिम वर्षाच्या पेपरातल्या मूटबद्दलही लिहिलंत. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येकाला तीन मूट आहेत, दर मूटला १० गुण, त्यातले ५ लेखी मांडणीचे आणि ५ बोलण्याचे. तुमच्या बॅचला ते एका दुपारी उरकले आणि तुमच्या वाट्याला सहा मिनिटं आली, हे मी हजेरीपटाशी ताडून पाहिलं. त्या दिवशी ४२ जण होते. एवढ्यांना ऐकून घेणाऱ्या परीक्षकाचीही मला दया आली, पण ते असो. या सत्रापासून एका दुपारी दहापेक्षा जास्त जण नाहीत, आणि तिनांतली एक मूट मराठीत. बाहेरच्या स्पर्धेत जो दोनदा स्पीकर होऊन आला, तो तिसऱ्यांदा स्पीकर नाही, त्यानं नव्यांची तयारी करून घ्यायची. एखादी ट्रॉफी कमी आली तर येऊ दे, कपाटात तशीही जागा उरलेली नाही.

विधी साहाय्याबाबत मात्र तुमचं मला पटत नाही. शिबिरात बॅनर होता, फोटो होता, चहाही होता, आणि तुम्ही शिबिर संपल्यावर सगळ्यांबरोबर बसनं परत गेलात. खरं काम शनिवारच्या केंद्रात चालतं. एका शनिवारी एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. वडील वारले तेव्हा सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं लागली होती. चौथ्या सत्रातल्या मुलीनं सगळे कागद टेबलावर पसरले, तारखेनं लावले आणि विचारलं, ‘आजी, फेरफाराची नोटीस तुम्हाला आली होती का?’ आजी म्हणाल्या, ‘मला कोण देतंय नोटीस?’ मुलीला हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती पाठ होती, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क देणारी. वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा जन्मानं आलेला हक्क उरतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकालही तिला माहीत होता. अडलं ते पुढं. विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही. म्हणून अर्जाचा मसुदा करून तिनं आजींना तालुका विधी सेवा समितीकडं नेलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे आजींना तिथं जाईपर्यंत खरं वाटत नव्हतं.

हे तुमच्यापर्यंत पोचलं नाही, तो दोष आमचा. केंद्राची नोटीस परीक्षा विभागाच्या बोर्डावर लावलेली असायची, तिकडं निकालाशिवाय कोण फिरकतं! आता ती वर्गाच्या ग्रुपवर जाते.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, पाच वर्षांच्याला २०. तीन वर्षांतले अनेकजण नोकरी सांभाळून शिकतात, त्यांना वकिलांच्या ऑफिसचा पत्ता शोधत फिरायला लावणं बरोबर नव्हतं. आता यादी आम्ही देतो. इंटर्नशिपची डायरी मात्र तुम्हीच भरायची. पुकारा होतो, मिनिटात तारीख पडते, आणि विद्यार्थी ‘सुनावणी तहकूब’ लिहून अकराला घरी. का तहकूब झाली? समन्स बजावलं गेलं नव्हतं की साक्षीदार दाराशी येऊन परतला? शिरस्तेदाराला विचारलं तर ते सांगतात, फक्त जेवणाच्या सुट्टीत विचारू नये.

जुन्या कलमांचं थोडक्यात. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू, त्यामुळं फसवणुकीचं जुनं कलम ४२० आणि नवं ३१८ दोन्ही शिकवावंच लागतं. ग्रंथालयात न्याय संहितेच्या दोनच प्रती होत्या, हे मात्र तुमचं बरोबर. आता वीस आहेत.

तुम्ही सनद घेतली असेल, तर पहिल्या मराठी मूटला न्यायाधीश म्हणून याल का? प्रश्न आडवे विचारा. आमची पोरं सध्या पाठ केलेलंच बोलतात, मध्येच कुणी अडवलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात.

संचालिका