नागिणीचा वेढा आणि आत्याचे चार दिवस

‘नागीण कमरेला वेढा घालते. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. गोळ्यांनी ती आत शिरते, काव लावा, उतरवून घ्या. घरच्यांनी लांब राहा, सगळ्यांना होते.’

हा मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्यानं तो खरा मानून चार दिवस फोडांवर काव थापली.

आधी वेढ्याचं बोलू, कारण सगळे घाबरतात ते त्यालाच. नागीण म्हणजे फोडांचा आजार, आणि त्यामागे असतो कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्यालगतच्या नसांच्या गाठींत दबून राहतो. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या नसेच्या वाटेनं कातडीवर उतरतो. डाव्या बाजूची नस डावीकडेच राहते. म्हणून फोडांचा पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यावर थांबतो. मग वेढा पुरा होणार कसा? प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्यांना क्वचित अंगभर फोड येतात आणि ते गंभीर असतं, पण त्याचा तोंड-शेपटीशी काही संबंध नाही. मराठीत नागीण, कन्नडमध्ये सर्पसुत्तु. दोन्ही भाषांनी नावात साप घातला म्हणून अंगात साप शिरला काय?

तपासणीचं म्हणाल तर एका बाजूचा पट्टा बघूनच डॉक्टर ओळखतात. शंका असेल तरच फोडातलं पाणी तपासतात.

‘सगळ्यांना होते’ हेही खोटं. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टरचे डॉक्टर होप-सिम्पसन यांनी १६ वर्षांतले नागिणीचे १९२ रुग्ण अभ्यासून १९६५ साली मांडलं, की ही बाहेरून लागत नाही, आतलाच विषाणू जागा होतो. एक मात्र मान्य करतो: ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपली धरेपर्यंत फोड झाकावेत, तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बायकांना जवळ घेऊ नये. आत्याला मात्र घरात ताट वेगळं, अंथरूण वेगळं. नातवंडांना कांजिण्या कधीच होऊन गेल्यात, तरी त्यांनाही तिच्याजवळ फिरकू दिलं नाही.

सगळ्यात घातक ते ‘गोळ्या नकोत’. असायक्लोविरसारखी गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वात जास्त उपयोग होतो. आत्याला बेळगावला आणलं पाचव्या दिवशी. फोड वाळले, पण तीन महिने झाले तरी बरगडीला पदर टेकला की ती कळवळते. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. तिथं नजर जाऊ शकते.