अरिगाटो नाही गं बाई, अरिगातो!

आज दुपारी भाची जेवायला आली होती. सध्या जपानी शिकतेय. (पुण्यात कोण शिकत नाही म्हणा!) ताट उचलताना लाडात म्हणाली, "मामा, अरिगाटो." माझं डोकंच सटकलं. जपानीत हा ट कुठून आला? वही मागितली, तर हिरागानाच्या, म्हणजे तिथल्या रोजच्या लिपीच्या, प्रत्येक अक्षराखाली रोमन स्पेलिंग. म्हणजे तोंडात चांगला स्वच्छ त असलेली मराठी पोरगी जपानी अक्षर इंग्रजीच्या खिडकीतून बघणार आणि त्याचा ट करणार!

मी तरी कोण शहाणा होतो. माझ्या जपानीच्या क्लासात काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, शिंदे हे आडनाव लिहायचं होतं. शि आणि त्सु ही अक्षरं म्हणजे जुळे भाऊ, दोन बारक्या रेघा आणि एक लांब. शिची लांब रेघ खालून वर जाते, त्सुची वरून खाली. मी नेमकं उलटं केलं. बाईंनी भर वर्गात वाचलं, "त्सुंदे-सान!"

घरी येऊन चिडून जपानी अक्षरांचा तक्ता कपाटावर चिकटवला, खाली देवनागरी लिहून. आई फोडणी टाकून आली, हळदीचं बोट ठेवत वाचायला लागली. अ इ उ ए ओ. मग का सा ता ना हा मा या रा वा. म्हणाली, "अरे, ही तर आपलीच मुळाक्षरं. मधली गाळलीत एवढंच."

सातवी शिकलेली बाई! आणि खरंच आहे ते. जपानमधले बौद्ध भिक्षू संस्कृतसाठी सिद्धम् ही भारतातली जुनी लिपी शिकायचे, त्या अभ्यासातून हा क्रम आला. कंठापासून ओठांपर्यंत. मग प च्या जागी 'हा' हे अक्षर कसं? तर तिथे पूर्वी प होता. आजही हा ला बारीक गोल दिला की पा होतो, दोन टिकल्या दिल्या की बा. त्याच टिकल्यांनी का चा गा, ता चा दा. मूळ अक्षरं 46, बाकीची जवळजवळ फुकट. आपल्याला हे आयतं मिळालंय आणि आपण स्पेलिंगं घोकतोय!

हो, आकार लक्षात ठेवायला बाराखडी कामाची नाही. का आणि कि दिसायला एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, काना नाही, वेलांटी नाही. टाइप करायला बहुतेकदा रोमन लागतं, तेही मान्य. पण आकारासाठी हाताने गिरवा ना! रोज एक रांग, रेघांचा क्रम न मोडता. नु-मे, रु-रो असली फसवी जोडपी शेजारी शेजारी लिहा. आणि चित्रं आपली घ्या. कु म्हणजे कोकिळेची उघडी चोच. हिरागानातला शि म्हणजे शिंकं अडकवायचा आकडा. इंग्रजी 'की' म्हणजे किल्ली, म्हणून कि लक्षात ठेवा, हे कशाला?

जरा जास्तच बोललो भाचीला. तोंड एवढंसं झालं. इंग्रजी शाळेत घातली कुणी, आम्हीच ना.

आत्ता मेसेज आलाय, "मामा, ना नंतर हाच ना?" आईच्या तक्त्याचा फोटो पाठवलाय. ता च्या रांगेवर हळदीचा डाग आहे, म्हटलं तिथून सुरू कर.